नवरदेव उपटायचे दिवस

माझ्या भावानं त्याच्या घरात ‘किफ’ हा शब्द बंद केला तो मार्चमध्ये, परदेशी बियाण्याची पाकिटं घेऊन केतामाच्या बाजारातून आला त्या दिवशी. आम्ही तिघं बिसारा, बाकल्याच्या डाळीचं दाट कढण, खात बसलो होतो. जवाची भाकर बुडवता बुडवता त्याची बायको रकिया सहज म्हणाली, “यंदा किफ खालच्या पट्टीत टाकायचा का?”

मफद्दलनं हातातला तुकडा ताटात ठेवला. “किफ म्हणायचं नाही. आजपासून कनब हिंदी. नव्या कायद्यात तेच लिहिलंय, परवाना काढून लावता येतं.”

“हिंदी कशाला?” मी विचारलं. “तुझा आजा हिंदला गेला होता का?”

“आपला आजा एकच होता, ताई.”

“म्हणून तर विचारते.”

रकिया हाताआड हसली. तो हसला नाही. त्यानं पाकिटं छातीशी धरली होती, जशी तान्ही पोरं धरतात. त्यावर हिरव्या पानाचं चित्र होतं आणि खाली परक्या भाषेत काहीबाही. “यातलं प्रत्येक बी मादीचं आहे,” तो म्हणाला. “नर नाहीच. हॉलंडच्या लोकांनी तशी सोय केलीय.”

“बरं झालं,” मी म्हटलं. “त्यांच्या बायांना कामच उरलं नसेल.”

या एका रोपानं माझ्या आयुष्यात जितकी नावं घेतली तितकी आमच्या डोंगराच्या साऱ्या ओढ्यांना मिळून नाहीत. शेतात बाया एकमेकींशी बोलतात तेव्हा ते नुसता पाला. उभं पीक म्हणजे किफ. त्याची वाळली फुलं बारीक चिरून, तंबाखूत मिसळून म्हातारे लांब नळीत भरतात आणि ओट्यावर बसून ओढतात, तोही किफ. थंडीत तीच फुलं कापडाखाली झोडून भुकटी काढली, दाबून तिची वडी केली, की ते हशीश. मग ते आमचं राहत नाही, मोटारी घेऊन येणाऱ्यांचं होतं. त्यांच्यामागून तांजाच्या बंदराकडून सोनेरी केसांची पोरं येतात, ती त्याला चॉकलेट म्हणतात आणि आपलीच आपण हसतात. आणि खाकीतले शिपाई म्हणायचे नशेचा पदार्थ.

माझ्या नवऱ्यानं, बूश्तानं, आयुष्यभर जव, कांदे आणि किफ लावला. कागदावर मात्र त्यानं नशेचे पदार्थ लावले होते. गावात कुणीतरी कुणाचं तरी नाव सांगितलं, शिपायांनी याचंही लिहून घेतलं आणि तो फरारी झाला. फरारी म्हणजे कुठं पळाला नाही तो. इथंच होता, या चार पट्ट्यांवर, कुदळ घेऊन. फक्त बाजारात उतरायचा नाही. ओळखपत्र नवं करायला गेला नाही, आई मेली तेव्हा तिच्या मातीला खालच्या गावी गेला नाही. शेवटी ताप डोक्यात गेला तेव्हा मी म्हटलं, चल दवाखान्यात. तो म्हणाला, दवाखान्यात आधी कार्ड मागतात. बाराव्या महिन्यातल्या एका सकाळी तो गेला. त्याला मारलं ते तापानं, असं सगळे म्हणतात. मी काही म्हणत नाही.

आता त्याच डोंगराच्या त्याच उतरणीवर माझ्या भावानं तारेचं कुंपण घातलं होतं आणि कुंपणाला पाटी लावली होती. शेतकऱ्यांच्या संस्थेचं नाव, परवान्याचा आकडा, आणि मोठ्या अक्षरांत: औषधी व औद्योगिक वापरासाठी. मी एकेक अक्षर लावून ती पाटी वाचली आणि बराच वेळ तिथं उभी राहिले. नव्या नावावर माझा राग नाही. नाव चांगलं आहे, ते घेतलं की कुणी दाराशी येत नाही. पण नाव बदललं म्हणजे रोप बदललं असं माझ्या पाठच्या भावाला वाटलं, त्यानं माझं अंग अजून पेटतं.

माझं बी बलदियाचं. बलदिया म्हणजे इथलं, गावठी. कमरेएवढं झाड, बारीक पान, वर पडेल तेवढ्याच पाण्यावर जगणारं. आईनं माझ्या लग्नात ते चामड्याच्या पिशवीत घालून दिलं होतं. पुढं मोठ्या झाडांची, मोठ्या फुलांची बियाणी आली. ती झाडं विहिरीवर बसून पाणी पितात. गावानं बलदिया सोडलं तसे झरेही गावाला सोडून गेले. मी सोडलं नाही. यात काही मोठेपणा नव्हता. माझ्या पट्ट्या वर, पाणी चढत नाही तिथं. पण दरसाल पेरत गेले, आणि एके वर्षी इकडंतिकडं पाहिलं तर साऱ्या उतरणीवर निर्मळ बलदिया माझ्याकडंच उरलेलं.

निर्मळ ठेवायचं काम बायांचं. जूनमध्ये झाडं फुलावर येतात तेव्हा नर आणि मादी ओळखू येतात. नराला सांध्यांवर बारीक झुंबरं लटकतात. ती फुटायच्या आत त्याला मुळासकट काढायचं. त्या दिवसांना आम्ही नवरदेव उपटायचे दिवस म्हणतो. साऱ्या उतरणीवरच्या बाया एकाच आठवड्यात शेतात उतरतात, कारण एकीच्या शेतातला नर वाऱ्यावर बसून दुसरीच्या शेतात जातो. कंबरेला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं फडकं, डोक्यावर गोंड्यांची टोपी, आणि या बांधावरून त्या बांधावर हाळी देत म्हटलेली गाणी.

वरल्या बांधावर
उभा गं नवरदेव,
मुळासकट ठेव
शेळ्यांपुढं.

बियाण्यासाठी प्रत्येक शेतात एक ठेवायचा. बाकी साऱ्यांहून धडधाकट, चांगल्या आईचा. त्याला काही दिवस फुलू द्यायचं, बाया त्याला चिडवतात, मग त्यालाही काढायचं. पुरुष या दिवसांत शेताकडं फिरकत नाहीत. नर उपटताना कुणी गडी दिसला तर बाया त्याला असं काही ऐकवतात की तो वर्षभर चहाच्या टपरीवर तोंड दाखवत नाही. हे असंच चालत आलं.

त्या वसंतात संस्थेनं शाळेच्या अंगणात शिकवणी ठेवली. मेक्नेसकडची एक इंजिनीअर मुलगी आली होती, गिझलान. पुरुष बाकांवर बसले, आम्ही कुंपणाच्या भिंतीवर. तिनं सगळं नीट सांगितलं. हेही सांगितलं की, “पाकिटावर मादी लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. पाणी तुटलं, ऊन चढलं, तर या माद्यांवरसुद्धा नरफुलं येतात. दर दोन दिवसांनी ओळींतून फिरा. दिसलं की काढा.” मफद्दलनं मान हलवली. माझ्या भावाची मान फार चांगली हलते.

शिकवणी संपल्यावर ती मुलगी चढण चढून माझ्या शेतावर आली. धापा टाकत होती, तरी आधी पाणी न मागता रोपांपाशी बसली. एक कोवळं पान बोटांवर पसरून, इथल्या रीतीनं मला मानाचं ‘लल्ला’ लावून म्हणाली, “लल्ला तामू, हे बलदिया आहे ना?”

“दुसरं काय असणार इथं.”

“बलदियालाही आता परवाना देता येतो. बी निर्मळ असेल तर. शेत कुणाच्या नावावर?”

“नवऱ्यामागं माझ्याच.”

“मग ऑगस्टच्या सुरुवातीला येते. पीक उभं असताना पाहीन, बियाणं घेईन आणि नोंद करीन. तुमच्या नावानं.”

ती गेल्यावर मी शेळीचं दूध काढलं, उतू घालवलं, पुन्हा चुलीवर ठेवायला दूधच नव्हतं. तुमच्या नावानं. या पट्ट्यांवर बूश्ता उभा असायचा तेव्हा खालच्या रस्त्यावर गाडीचा आवाज आला की आडवा पडायचा, मातीत तोंड घालून. मला या शेतात उभं राहायचं होतं. रस्त्यावरून सरकारी गाडी जाताना, कुदळीवर हात ठेवून, सरळ. दुसरं काही नको होतं.

जून आला. मी माझे नवरदेव काढले, एक ठेवला, त्यालाही वेळेवर काढला. बाकीच्या बायांनी आपापल्या घरचे काढले. मफद्दलच्या कुंपणात मात्र कुणी गेलं नाही. रकिया गेली होती पहिल्या दिवशी, फडकं बांधून, तर यानं तिला तारेपाशीच अडवलं.

“परवान्याच्या यादीत नाव नसलेल्यानं आत पाय ठेवायचा नाही. तपासनीस आला तर माझा परवाना जाईल.”

“मग ओळी कोण बघणार?” तिनं विचारलं.

“बघायला काय आहे? सगळ्या माद्या आहेत.”

रकियानं हे मला पाणवठ्यावर सांगितलं. घागर भरता भरता म्हणाली, “लल्ला, लग्न झाल्यापासून मी त्या शेतात वाकतेय. आता माझ्या शेताला माझी ओळख पटत नाही.” आम्ही दोघी हसलो. तेव्हा हसू येत होतं.

जुलैच्या मध्याला शर्गी सुटला, पूर्वेचा भाजणारा वारा. तो सुटला की अंजिराची पानं कागदासारखी वाजतात आणि माणसं एकमेकांशी भांडतात. त्यातच मफद्दलचा पंप बंद पडला. सुटा भाग यायला दिवस लागले. वरून दिसायचं मला, त्याची ती मोठाली झाडं माना टाकून उभी. मला त्यांची दया आली. परकी पोरं ती, त्यांना आमचा वारा काय माहीत.

वारा पडल्यावर मी माझ्या खालच्या दोन पट्ट्यांत शिरले, पीक कितपत झालंय बघायला. बलदियाच्या कणसात बी खालून पिकत जातं. बुडाकडचं बी काळपट, टणक झालेलं होतं, ते माझ्याच नवरदेवाचं. वरच्या टोकाकडं मात्र फूल फुगलेलं दिसलं. नखानं उकललं. आत हिरवं, ओलं, कोवळं बी.

माझा नवरदेव जाऊन महिना झाला होता.

दुसरं कणीस उकललं. तिसरं. साऱ्या पट्टीवर तेच. मी हात कंबरेच्या फडक्याला पुसले आणि पांढऱ्या पट्ट्यावर पिवळा डाग उठला, हळदीसारखा.  मग वारा आला होता त्या दिशेनं पाहिलं. पाहायची गरज नव्हती, पण पाहिलं.

खाली उतरताना माझी चप्पल कुठं गेली ते आठवत नाही. तारेपाशी मफद्दल पाइप जोडत होता. रकिया बाहेरच्या दगडी भिंतीवर कपडे वाळत घालत होती. मी तार वाकवून आत गेले.

“ताई, यादीत…”

“गप.”

पहिल्याच ओळीत सापडलं. धष्टपुष्ट मादी, हाताएवढं फूल, आणि फुलाच्या पोटातून निघालेली पिवळी शिंगं, एकाला एक लागून. हात लावला तर धूर उडावा तशी धूळ उडाली. पुढच्या ओळीत तेच, तिच्या पुढच्या ओळीतही. तहानेनं मरणारं झाड स्वतःच नवरा होतं आणि स्वतःच बायको, एवढीच त्याची धडपड. झाडाला मी काय बोलू.

“हे काय आहे?” मी ते फूल तोडून त्याच्यापुढं धरलं.

त्यानं पाहिलं. खरंच पाहिलं, डोळे बारीक करून. “फूल आहे.”

“रकिया, तू हे पाहिलं होतंस?”

रकिया कपडे पिळायची थांबली. “भिंतीवरून पाहिलं, लल्ला. शर्गी सुटला होता तेव्हाच. यांना सांगितलं.”

“मग?”

तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मग हातातल्या सदऱ्याकडं. “म्हणाले, तुझं किफचं ज्ञान इथं चालायचं नाही. हे कनब आहे.”

मी माझ्या भावाकडं वळले. तो पान्ह्याशी चाळा करत होता.

“मफद्दल, तुला त्या मुलीनं सांगितलं होतं, ओळींतून फीर म्हणून. मी भिंतीवर बसून ऐकलं. का नाही फिरलास?”

“मी? पुरुष माणूस नवरदेव उपटत फिरणार? बाजारात काय तोंड दाखवू?”

“मग बायकोचं नाव यादीत का नाही घातलंस?”

“बायकोचं नाव? संस्थेच्या भिंतीवर ती यादी लावतात, ताई. चारचौघं वाचतात.”

“म्हणजे तू फिरायचं नाहीस कारण तू पुरुष आहेस. तिनं फिरायचं नाही कारण तिला नाव आहे. आणि माझ्या शेतात कुणाचं बी पडलं?”

त्यानं पान्हा खाली ठेवला. आवाज उतरवून बोलायला लागला. तसा तो लहानपणी अंजिरं चोरल्यावर बोलायचा. “हे बघ, झालं ते झालं. बी आईसारखंच दिसतं. रंग तोच, आकार तोच. इंजिनीअर येईल, बघेल, बलदिया म्हणून लिहून घेईल. तुझ्या नावावर परवाना होईल. कुणाला कळणार?”

“पेरल्यावर कळेल.”

“ते पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.”

“आणि जे लोक माझ्याकडचं बी बलदिया म्हणून नेतील आणि पेरतील, त्यांना?”

“ताई, नाव बलदिया म्हटलं की झालं. नावाला कोण उकलून बघतं?”

मी त्याच्या थोबाडीत मारली असती. आईनं मला त्याच्याआधी जन्म दिला तो त्याचसाठी. पण हातात ते फूल होतं आणि ते हललं असतं तर आणखी धूळ उडाली असती.

पुढचे दिवस कामात गेले. सकाळी वरच्या दोन पट्ट्यांत जायचे. तिथं मध्ये खडक आडवा आला आहे, वारा त्यावरून उडून जातो. तरी एकेक कणीस उकलून बघितलं. बहुतेक रिकामी होती. काहींत ओलं बी सापडलं, ती झाडं काढली. मग बुडाकडचं पिकलेलं बी हातानं चोळून फडक्यात गोळा केलं. पाठ मोडली. काम करताना तोंडात ओळी येतात, ते थांबवता येत नाही. आमच्याकडं रागालाही चाल लागते.

वाऱ्याच्या पदरात
बांधली पिवळी धूळ,
कुणाचं आलं कूळ
माझ्या घरा.

खालच्या बांधावरून ते कुणीतरी ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर दोन बाया तेच म्हणत होत्या आणि मला पाहून गप्प झाल्या.

रकिया एका दुपारी आली. दारातच उभी राहिली, डोक्यावर गवताचा भारा तसाच.

“सांगणार आहेस का त्या मुलीला?”

“बस आधी.”

“बसत नाही. सांगितलंस तर आमचं पीक नाकारतील.”

“नाही सांगितलं तर माझं बी गेलं.”

“ते तर गेलंच आहे, लल्ला.”

ती हे कुत्सितपणे म्हणाली नाही. तिचे डोळे भरले होते. म्हणून मला जास्त राग आला. “अर्धं गेलंय,” मी म्हटलं. “त्याला बलदिया म्हणून लिहून दिलं की पुरं जाईल. मग माझ्याकडं काय आहे आणि काय नाही, हे मलासुद्धा सांगता यायचं नाही.”

रकियानं डोक्यावरचा भारा सावरला. मग म्हणाली, “तू सांगितलंस तर मी खोटं बोलणार नाही. एवढंच सांगायला आले होते.” आणि गेली. भाऱ्यातलं गवत वाटेवर सांडत गेली.

गिझलान ठरल्याप्रमाणं आली. बरोबर मफद्दलही चढून आला. अंगात पांढरा पायघोळ जल्लाबा, धुतलेला. तिच्या हातात बियांसाठी छोट्या पिशव्या होत्या. मी पुदिन्याचा चहा केला, तो मफद्दलनंच ओतला, उंचावरून, फेस येईल असा, जणू घर त्याचं.

“अस्सल बलदिया,” तो म्हणाला. “आमच्या आईचं बी आहे हे. सगळ्या उतरणीवर असं दुसरं मिळायचं नाही.”

गिझलाननं पिशवीवर लिहायला पेन काढलं. “चारही पट्ट्या ना, लल्ला तामू?”

“नाही,” मी म्हटलं. “वरच्या दोन. त्यातलंही फक्त बुडाकडचं, मी हातानं काढलेलं. खालच्या दोन पट्ट्यांतल्या बियांचा बाप त्या कुंपणात आहे.”

मफद्दलच्या हातातली किटली तशीच वर राहिली. चहा पेल्यातून ताटलीत उतू गेला.

“ताई थकलीय,” तो म्हणाला. “ऊन लागलंय तिला.”

“माझ्याबरोबर चल,” मी मुलीला म्हटलं. “दाखवते.”

आम्ही खाली गेलो. ती कुंपणात शिरली, पहिल्या ओळीतून शेवटच्या ओळीपर्यंत चालत गेली, परत आली. तिच्या काळ्या पँटवर गुडघ्यापर्यंत पिवळं झालं होतं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

“ओळींतून कोण फिरत होतं?” तिनं मफद्दलला विचारलं.

“मीच.”

“मग यातलं एखादं काढून दाखवा.”

तो आत गेला. जल्लाबा वर धरून. एका झाडाला धरलं, जोर लावून उपटलं आणि बाहेर घेऊन आला. भिंतीपलीकडं रकिया उभी होती. ती शांतपणं म्हणाली, “ती बाई आहे. तिच्यावर काहीच नाही.”

कुणी हसलं नाही. मफद्दल त्या झाडाकडं पाहत राहिला. चांगलं झाड होतं.

“नाकारण्याइतकं वाईट नाही अजून,” गिझलान म्हणाली. “पण आज संध्याकाळपर्यंत नरफुलं धरलेली सगळी झाडं काढायला हवीत. आणि कापणीपर्यंत रोज फेरी. ज्याला ओळखता येतं त्यानं. त्याचं नाव मी आत्ता यादीत घालते. कोण?”

“मी,” रकिया म्हणाली.

“ओळखपत्र आणा.”

रकियानं नवऱ्याकडं पाहिलं. मला वाटलं ती परवानगी मागतेय. पण नाही. मफद्दलनं जल्लाब्याच्या आतल्या खिशात हात घातला आणि तिचं ओळखपत्र काढलं. इतकी वर्षं ते त्याच्याच खिशात होतं. कडा झिजल्या होत्या, फोटोतली रकिया लग्नाच्या वयाची होती. गिझलाननं ते घेतलं, लिहून घेतलं आणि परत दिलं, रकियाच्या हातात. मफद्दलचा हात पुढं आला होता. तो तसाच मागं गेला.

त्या दिवशी उतरणीवरच्या बाया ऑगस्टमध्ये नवरदेव उपटायला जमल्या. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. यादीत एकच नाव होतं, म्हणून रकिया एकटीच आत, बाकीच्या तारेबाहेर. ती काढायची आणि तारेवरून त्यांच्या हातात द्यायची. बाया ते गाणं म्हणत होत्या, माझं. मफद्दल घरात जाऊन बसला.

माझ्या नोंदीचं विचारलं तेव्हा गिझलाननं माझ्याकडं न बघता पेनाचं टोपण लावलं. “यंदा नाही करता येणार, लल्ला. वरच्या पट्ट्यांतलं बी पुढच्या वर्षी पेरा. उगवल्यावर मी येते. पानं बारीक निघाली तर तेव्हा.”

“आणि नाही निघाली तर?”

तिनं बियांच्या रिकाम्या पिशव्या गोळा केल्या. मी तिला दोष दिला नाही. पण वाटेपर्यंत सोडायला गेले नाही.

आम्ही कापणी केली. वरच्या पट्ट्यांचं बी एका लहानशा परडीत मावलं. खालच्या पट्ट्यांचं पोतंभर निघालं, टपोरं, ठिपक्यांचं, देखणं. आईसारखंच दिसणारं. ते मी छतावर वेगळं वाळवलं.

सप्टेंबरात मफद्दल आला. हातात निळ्या कागदातली साखरेची ढेप होती, मयताच्या घरी नेतात तशी, किंवा माफी मागायला नेतात तशी. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मी छतावरून खाली आले नाही.

“ताई.”

“बोल.”

“पीक घेतलं त्यांनी. कमी दर्जाचं म्हणून, पण घेतलं.”

“रकियानं सांगितलं.”

“पुढच्या वर्षी संस्था म्हणतेय, बलदियाच लावा. त्याला पाणी लागत नाही.” तो थांबला. ढेप एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “थोडं बी देशील?”

मी वरून त्याच्याकडं पाहिलं. टक्कल पडायला लागलं होतं, बापासारखं. त्या क्षणी मला त्याची माया आली नसती तर फार सोपं झालं असतं. माया आली आणि राग तसाच राहिला, दोन्ही एका भांड्यात, न मिसळता.

मी खालच्या पट्ट्यांचं पोतं कठड्यापाशी ओढत आणलं आणि दोरीनं त्याच्यापुढं सोडलं.

“हे घे.”

“सगळं?” त्याचा चेहरा उजळला. पोत्यात हात घालून त्यानं मूठभर बी वर काढलं, बोटांतून सोडलं. “हे बलदिया ना?”

“हे तुझ्या कुंपणातून माझ्या शेतात आलेलं आहे. तुझं आहे, तू ने. पेर. उगवेल त्याचं नाव तू ठेव.”

त्याचा हात पोत्यातच राहिला. “आणि ते दुसरं?”

“ते मी पेरणार आहे. वरच्या खडकाआड. तुझ्या ओळींतून रकिया फिरते आहे तोवर ते जगेल. जगलं तर.”

“मला त्यातलं…”

“नाही.”

त्यानं आणखी काही म्हणायला तोंड उघडलं, पण मी कठड्यापासून मागं झाले होते. थोड्या वेळानं पोतं ओढत नेल्याचा आवाज आला, दगडांवरून खरखरत, उतरणीनं. त्याला खांद्यावर घेता येत नव्हतं. मी मदतीला गेले नाही.

साखरेची ढेप उंबऱ्यावरच होती. तिला मी हात लावला नाही. परडी उचलली, घराच्या आतल्या कोनाड्यात नेली आणि बी मोजायला नाही, निवडायला बसले. फुटकं बाजूला, पोचट बाजूला. प्रत्येक बी बोटांत धरून फिरवून पाहायचे. बाहेरून काहीच कळत नव्हतं. तरी पाहत होते.